हातभर लाट

मिरकरवाडा, रत्नागिरी
१४ ऑक्टोबर

नम्रता,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाय.

गणपतीत आलीस, सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीवर चित्रं दाखवलीस, त्सुनामीवर तासभर बोललीस आणि दुसऱ्या दिवशी हैद्राबादला निघून गेलीस. भोगतेय मी. रोज लिलावाला बसले की कुणीतरी विचारतो, हौसे, भाचीची लाट कुठपर्यंत आली? काल रामा तांडेलानं पापलेटाचा ढीग सोडून आधी तेच विचारलंन. रामा वयानं मोठा, आयुष्य बोटीवर गेलेलं. त्याला फाडकन काय बोलायचं? बोलले तरी. पण तो चुकला असं मलाही वाटत नाय.

तू सांगितलंस काय? की लांबून, कराचीच्या पलीकडून भूकंपाची लाट आली तर रत्नागिरीत ती हातभर, फार तर दीड हात. लोक डोंगराएवढी लाट ऐकायला आले होते. टीव्हीवर तशीच दाखवतात. हातभर म्हटल्यावर मागच्या बाकावर हशा झाला. मला ऐकू आला नाय, पण खांदे हलताना दिसले. त्याच्यावर पुढे सांगतेस, त्या दिवशी बोटी बंदरात आणू नका, बाहेर खोल पाण्यात ठेवा. अगो, उधाणाची भरती आपल्याकडे पाच-पाच हात चढते, तीही दिवसातून दोनदा. त्या भरतीला कुणी पळतो? मग हातभर पाण्यासाठी सगळ्या बोटी बाहेर ठेवून डिझेल कशाला जाळायचं?

मला सरळ लिहून कळव. फोन करू नको. फोनवर मला नुसतं खर्र ऐकू येतं, आणि कानात ते यंत्र घालायला परत सांगू नको. मी चौथी शिकलेय, पण कागदावरचं कळतं. चित्रं नकोत, इंग्रजी नको. मला पटलं तर मी त्यांना उत्तर देईन. नाय पटलं तर तुला देईन.

रितेश बरा आहे. परवा जाळ्यात म्हाकूल चांगली मिळाली. तुझा भाऊ तांडेल झाला तरी खलाशांवर ओरडत नाय. तांडेलानं ओरडावं थोडं.

हौसाआत्या

*

हैदराबाद
२२ ऑक्टोबर

आत्या,

पाया पडते.

पत्र ऑफिसात आलं, उभ्याउभ्या वाचलं. माझी मैत्रीण विचारत होती एवढं हसायला काय झालं. तिला सांगितलं, आमच्याकडे पापलेटाच्या आधी माझी चौकशी होते.

तू भरती काढलीस ना, तिथूनच सांगते. भरतीला चढायला सहा तास लागतात. बोटीखाली पाणी कधी आलं तेही कळत नाही. ही लाट तेवढं काम थोडक्या मिनिटांत करते. हातभर चढते, लगेच उतरते, उतरताना नेहमीच्या पाण्याच्याही खाली जाते, आणि परत येते. बंदराला तोंड एकच. आतलं सगळं पाणी तेवढ्याशा वेळात त्या तोंडातून बाहेर जायचं आणि परत आत यायचं. तू उंची बघू नकोस, ओढ बघ.

आठवतं, मी शाळेत असताना तू माझ्या डोक्यावर घमेलं द्यायचीस? खाली बर्फाचं पाणी साठलेलं असायचं. चालत असले की काही नाही. थांबले की तेच पाणी मागे जायचं, पुढे यायचं, प्रत्येक हेलकाव्याला जास्तच, आणि मग सगळं माझ्या मानेवर. तू ओरडायचीस, धक्का न देता थांबायला शिक. बंदर म्हणजे ते घमेलं. लांबून आलेली लाट त्याला बरोबर त्याच्या लयीत धक्के देत राहिली की आतलं पाणी वाढतच जातं. बाहेर तीस वाव खोल पाण्यात मात्र हीच लाट बोटीखालून जाते आणि खलाशाला चहा पिताना कळतसुद्धा नाही.

मागच्या महिन्यापासून रत्नागिरी ते वेंगुर्ला हा पट्टा माझ्याकडे दिलाय. समुद्रात भूकंप झाला की या पट्ट्यात कुठल्या बंदरात किती पाणी येईल, कधी येईल, तो अंदाज मी काढायचा. माझ्या टेबलावर मिरकरवाड्याचा नकाशा आहे. आपल्या घरावर मी पेनानं ठिपका केलाय, साहेब विचारतात तो काय.

एकच मागणं आहे. तसा दिवस आला तर रितेशला आत बोलावू नकोस. बाबा गेल्यावर आम्हा दोघांना तूच वाढवलंस. तो तांडेल असला तरी तुझंच ऐकतो.

तुझी
नम्रता

*

मिरकरवाडा
३ नोव्हेंबर

नम्रता,

घमेल्याचं पटलं. मी परातीत पाणी घेऊन ढकलून बघितलं. शेजारची वेदिका आली तेव्हा ओटीवर सगळं पाणी आणि मी फडकं मारतेय. तिनं विचारलंन, आत्ये, काय सांडलं? म्हटलं, अरबी समुद्र.

पण पटलं म्हणून करीन असं समजू नको. तू एक विसरलीस. हैद्राबादेत बसून विसरलीस.

आपल्या बंदरात वाईट दिवस आला की सगळ्या बोटी घरी येतात आणि कुशीला कूस लावून उभ्या राहतात. शेजारच्यानं दोर टाकला की घ्यायचा. भांडण असू दे, कोर्टात केस असू दे, दोर नाकारायचा नाय. तौक्ते वादळ आलं तेव्हा रामाचं आणि आपलं वर्षभर बोलणं बंद होतं. तरी रामानं दोर टाकलान आणि रितेशनं घेतलान. दोन्ही बोटी वाचल्या, बोलणंही सुरू झालं. जो बाहेर राहील त्यानं सगळ्यांचा दोर नाकारलान असं होतं. मग त्याच्या घरी लग्न निघालं तर लोक येतात, जेवतात आणि एक शब्द न बोलता जातात. मी पाहिलंय तसलं लग्न.

आणि मी या धक्क्यावर कोण? मासे विकणारी बहिरी म्हातारी. माझं ऐकतात, कारण आजवर मी उगाच कुणाला काही सांगितलं नाय. एकदा सगळ्यांना हातभर पाण्यासाठी बाहेर ठेवलं आणि काही झालं नाय, की माझा शब्द संपला. तुझाही संपला. तुझी लाट आली तर रितेश चारचौघांबरोबर आत येईल. हे माझं उत्तर.

दोन गोष्टी विचारते, उगाच. ही लाट चालते किती वेळ? आणि केवढी येणार ते तुम्हाला आधी कळतं की येऊन गेल्यावर?

हौसाआत्या

*

हैदराबाद
१२ नोव्हेंबर

आत्या,

पाया पडते. रागावले होते, म्हणून आठवडाभर लिहिलं नाही. तू उगाच म्हणून विचारलंस त्याचं उत्तर देते, कारण उगाच तू काही विचारत नाहीस हे मला माहीत आहे.

आधी कळतं. भूकंप झाला की कुठे झाला, केवढा, किती खोल, हे पहिल्या काही मिनिटांत येतं. आम्ही कॉम्प्युटरवर हजारो भूकंप आधीच खोटे खोटे करून ठेवलेत, त्यातला जवळचा काढतो. तो पहिला अंदाज, कच्चा. मग समुद्राच्या तळाशी यंत्रं ठेवलीत, ती डोक्यावरच्या पाण्याचं वजन मोजत असतात. वरून लाट गेली की वजन जरासं वाढतं. खोल समुद्रात ही लाट बोटभर असते, पण तळाला तेही कळतं. त्यावरून अंदाज पक्का करायचा. मकरानहून, म्हणजे कराचीच्या पलीकडच्या त्या किनाऱ्याहून, आपल्याकडे यायला तिला चारेक तास लागतात. आपल्या किनाऱ्यासमोर समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे, तिथे ती मंदावते. मंदावली की मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि उंची वाढते.

किती वेळ चालते, हे जास्त महत्त्वाचं. आठ-दहा तास धर. किनाऱ्याला लागून परत फिरलेलं सगळं पाणी खोल समुद्रात जात नाही. बरंचसं त्या उथळात अडकतं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरत राहतं. म्हणून पहिली लाट सगळ्यांत मोठी नसते. तिसरी असेल, पाचवी असेल. माणसं पहिली बघून हसतात, दुसरी बघून परत येतात, आणि मग सापडतात. हे दहा तास लक्षात ठेव, बाकी विसरलीस तरी चालेल.

शब्द संपण्याचं म्हणालीस. माझंही तेच आहे. इथे मोठा आकडा सांगणं सोपं. मोठा सांगितला आणि छोटी आली तर कुणी शिव्या देत नाही, देवाची कृपा म्हणतात. पण पुढच्या वेळी त्या आकड्यावर कुणी उठत नाही. मी ठरवलंय, जेवढा निघेल तेवढाच सांगेन. हातभर निघाला तर हातभर.

दोराचं मी विसरले नव्हते. बाहेर राहिलेल्याला काय भोगावं लागतं ते मला माहीत आहे. तरी मला भाऊ एकच आहे.

नम्रता

*

हैदराबाद
६ डिसेंबर

आत्या,

फोन लागत नाही. लागला तो वेदिकानं उचलला. म्हणाली सगळे बरे आहेत, पण आत्या बोलत नाही. रितेशचा मेसेज आला, ‘बरा आहे’, दोन शब्द. बाकी मला पेपरातून कळतंय.

गुरुवारी पहाटे ड्युटीवर मीच होते. मकरानचा भूकंप आला तेव्हा खोलीत आम्ही चौघं. पहिला कच्चा आकडा सव्वा मीटर निघाला. तळाच्या यंत्रानं वजन सांगितलं आणि मी तो साठ सेंटिमीटरवर आणला. साहेब म्हणाले, सव्वाच राहू दे, कमी आली तर आपलं काय जातं. मी म्हटलं, माझ्या गावचं जातं. सव्वा सांगितला तर लोक डोंगर बघायला धक्क्यावर येतील, आणि डोंगर नाही दिसला की बोटींवर चढतील. साठच द्या, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा, बाहेरच्या बोटी बाहेर, दहा तास. साहेबांनी सही केली.

रत्नागिरीच्या पाणी मोजणाऱ्या यंत्रावर सगळ्यांत मोठी आली अठ्ठावन्न. इथे माझी पाठ थोपटली. कुणीतरी पेढे आणले. मी एक उचलला आणि हातातच ठेवला.

कारण आत्या, मी स्क्रीनवर रितेशची बोट बघत होते. नुसता ठिपका असतो. तो सकाळभर तीस वावांच्या पुढे होता, माझ्या जिवात जीव होता. मग दुसऱ्या लाटेनंतर ठिपका वळला आणि बंदराकडे निघाला. मागून बाकीचे. दीपस्तंभापाशी येऊन तो गेलाच, सिग्नल संपला. त्यानंतर बातमी आली, मिरकरवाड्यात चार बोटी फुटल्या.

तू त्यांना बोलावलंस ना? किंवा ते निघाले आणि तू थांबवलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. तू आधीच लिहून कळवलं होतंस. पण आकडा दोनच सेंटिमीटरनं चुकला म्हणून इथे माझं कौतुक चाललंय, आणि ज्या बंदरासाठी काढला तिथेच तो कुणी मानला नाही. मग मी काय मोजलं?

आपली बोट गेली असेल तर सांग. लपवू नकोस.

नम्रता

*

मिरकरवाडा
१२ डिसेंबर

नम्रता,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. आपल्या माणसांविषयी तू आधी वाईटच धरतेस. आता नीट बसून वाच.

त्या दिवशी उजाडताना लिलाव सुरू होत होता. सोसायटीचा सेक्रेटरी दीपक धावत आला. वरून निरोप आला होता, मकरानला मोठा भूकंप, लोकांनी किनाऱ्यावरून वर सरकावं, रत्नागिरीत पाणी साठ सेंटिमीटर, बाहेरच्या बोटी दहा तास बाहेरच. मी दीपकला विचारलं, हा आकडा कुणी दिलान? त्याला काय माहीत. मला माहीत होतं. सगळं जग घाबरलेलं असताना एवढा छोटा आकडा सांगायची हिंमत आमच्याच घरातली.

रामानं तोवर सोसायटीतला वायरलेस धरलान आणि बाहेरच्या बोटींना सांगायला लागला, सगळे घरी या. त्यात त्याचं वाईट काही नव्हतं, आपली पद्धतच ती. मी तराजू टाकला आणि त्या खोलीत गेले. माईक मागितला. देईना. ओढून घेतला.

वायरलेसची मला एक गोष्ट आवडली. त्यावर बोलता येतं, ऐकावं लागत नाय. एवढ्या तांडेलांनी मला काय काय म्हटलं ते अजून मला माहीत नाय. दीपकचे कान लाल झालेले बघितले, तेवढंच. मी आपली बोलत राहिले. मी मिरकरवाड्याची हौसा बोलते. आज कुणी आत यायचं नाय. तीस वावांच्या पुढे जा, एकमेकांच्या नजरेत उभे राहा, ज्याचं इंजिन बंद पडेल त्याला शेजाऱ्यानं दोर द्या. मी दोर नाकारा म्हणत नाय, दोर बाहेर न्या म्हणतेय.

दीपकनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माझ्यासमोर धरलंन, रितेश विचारतोय, सगळे आत निघालेत, मी एकटा मागे कसा राहू? मी सांगितलं, एकटा राहू नको, त्यांच्या पुढ्यात जाऊन आडवा उभा राहा. आणि राहिला की. न ओरडणारा तुझा भाऊ. दीपक म्हणतो, रितेशला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या त्या दिवशी वायरलेसवर झाल्या. मला ऐकायला मिळाल्या नायत याचंच दुःख.

रामाचा मितेश बाहेरच होता. रामा माझ्या तोंडासमोर आला. एवढ्या जवळून मला ऐकू येतं.

"भाचीच्या हातभर लाटेसाठी माझ्या पोराला बाहेर ठेवतेस?"

"होय. माझाही तिथंच ठेवलाय."

रामा वळला. मग खाली गेला आणि बंदरात ज्या चार बोटी होत्या त्या पद्धतीप्रमाणे एकमेकींना बांधायला लागला. त्यातली एक त्याची. मी अडवलं नाय, त्यालाही काहीतरी करायला हवं होतं. फक्त खलाशांना खाली उतरवलं, आणि बायकांना, बर्फवाल्यांना, सगळ्यांना वरच्या रस्त्याला लावलं.

पयली आली. वीतभर. दुसरी जरा जास्त. वरच्या रस्त्यावर लोक हसायला लागले, कुणी खाली जाळी आणायला निघाला. आणि आता ऐक, मलाही वाटलं, झालं. मीच वायरलेसवर सांगितलं, या आता घरी. तुला स्क्रीनवर ठिपका वळलेला दिसला तो माझ्या सांगण्यावरून वळला. तू दहा तास लिहिलं होतंस, मी वाचलं होतं, त्या सकाळी दहा जणांना सांगितलंही होतं. आणि दोन लाटांत कंटाळले.

खोलीच्या खिडकीतून बंदर दिसतं. पाणी उतरायला लागलं ते थांबेना. या धक्क्यावर माझा जन्म गेला, पण धक्क्याच्या मुळाचे दगड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. काळे, शेवाळ लागलेले. बांधलेल्या चारही बोटी चिखलात एका अंगावर कलंडल्या. मी परत माईक घेतला. मागे फिरा. विचारू नका, मागे फिरा. तिथंच माझा आवाज गेला. तुझा फोन घेऊन वेदिका आली तेव्हा मला ऐकूही येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं, म्हणून बोलले नाय. त्याचा तू भलताच अर्थ काढलास.

रितेश दीपस्तंभापर्यंत आला होता. मागे सगळी रांग. त्यानं त्या गर्दीत बोट वळवलीन, वळताना मितेशच्या बोटीचा बांबू लागून आपल्या बोटीची जागा कळवणाऱ्या यंत्राची तार तुटली. तुझा ठिपका गेला तो एवढ्यानं गेला. आणि मग पाणी आत आलं. लाट अशी नव्हतीच ती. तू लिहिलंस तीच, ओढ. पुरातली नदी बंदराच्या तोंडातून आत यावी तशी. चार बोटींचे दोर तुटले नायत. तुटले असते तर बरं झालं असतं. घट्ट बांधलेल्या, त्यांनी एकमेकींच्या कुशी फोडल्यानी. पाणी बाहेर गेलं, परत आलं, परत गेलं. दिवेलागणीपर्यंत हेच. बाहेर आमच्या बोटी उभ्या होत्या आणि तिथं काही नाय. मितेश म्हणतो, आम्ही बांगडा भाजून खाल्ला.

तुझे दहा तास भरल्याशिवाय मग मी एकालाही आत घेतलं नाय. एक म्हणाला, आत्ये, डिझेल संपतंय. दीपकनं ते लिहून दाखवलंन. म्हटलं, शेजाऱ्याचा दोर घे.

चार गेल्या. त्या आम्ही दुरुस्त करू, सुताराला बोलावलंय. बाकी सगळ्या आहेत, माणसं सगळी आहेत. आत उभ्या केल्या असत्या तर काय झालं असतं ते धक्क्यावरच्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलंन. तुझा आकडा कुणी मानला नाय म्हणतेस? तुझा आकडा मिरकरवाड्यानं दिवसभर समुद्रात उभं राहून मानलान.

पेपरवाला आला होता. म्हणाला, तुमच्या भाचीचा अंदाज अगदी बरोबर आला, तुम्हाला काय वाटलं? मी म्हटलं, मला दोन महिन्यांपूर्वीच माहीत होतं. खोटं बोलले. पण पेपरात कुणी खरं बोलतो?

पेढा खा आता.

हौसाआत्या

*

हैदराबाद
२० डिसेंबर

आत्या,

पाया पडते, या वेळी खरोखर वाकून. पेढा शिळा झाला होता, तरी खाल्ला.

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. शिव्यांचा भाग गाळला, पण त्यांनी विचारलाच. परवा मोठी बैठक होती, बाहेरचे लोक आले होते. मला आकड्यावर बोलायचं होतं. मी बोलले तुझ्यावर. सांगितलं की आमच्या बंदरात निरोप पोचला, कारण निरोप देणारीला उलट उत्तर ऐकू येत नव्हतं. सगळे हसले. एकजण वहीत लिहून घेत होता.

दुसऱ्या लाटेनंतर बोलावलंस म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. सगळ्या जगात माणसं दुसऱ्या लाटेनंतरच परत येतात. तू त्यांना परत फिरवलंस, ते फार थोड्यांना जमतं. आणि सहाशे किलोमीटरवरून मला जे साठ सेंटिमीटर दिसत होते, त्यांचं तिथे पाणी झाल्यावर काय होतं ते मी कधी पाहिलेलं नाही. तू पाहिलंस. दगड किती खालपर्यंत उघडे पडले, पाणी कुठून जास्त जोरानं आलं, हे मला हवंय. मी सुट्टी काढून येते.

कलेक्टर ऑफिसातून पत्र आलंय. माझा सत्कार करायचाय म्हणे, तुझाही. काय कळवू?

नम्रता

*

मिरकरवाडा
२९ डिसेंबर

नम्रता,

सत्कार नको म्हणून कळव. शाली घरात तीन आहेत, तिन्ही पेटीत. मांडव घालायचा, खुर्च्या आणायच्या, कुणी उशिरा येणार म्हणून उन्हात बसायचं, आणि शेवटी आपण काय केलं ते दुसऱ्याच्या तोंडून चुकीचं ऐकायचं. मला तर ऐकूही येणार नाय.

सोसायटीची मीटिंग झाली. वादळ असेल तर बोटी आत, दोर आत. लांबची लाट असेल तर बोटी बाहेर, दोर बाहेर, आणि तुमच्याकडून मोकळीक मिळेपर्यंत कुणी वळायचं नाय, हौसानं बोलावलं तरी नाय. हे शेवटचं मीच घालायला लावलं. दोन जण नको म्हणत होते, त्यांना रामानं गप्प बसवलंन.

मग प्रश्न निघाला, बाहेर म्हणजे कुठं? प्रत्येक तांडेल आपली जागा सांगायला लागला. एक म्हणतो पंचवीस वाव, एक म्हणतो चाळीस. कुठल्या अंगाला उभं राहायचं, जयगडच्या बाजूला की पावस गावाच्या, यावर अर्धा तास गेला. रामा उठला. म्हणाला, जिनं मोजलंन तिलाच घेऊन जाऊ, ती दाखवेल तिथं नांगर टाकून जागा धरू.

तुला माहीत आहे, आपल्यात बाई मासेमारीच्या बोटीवर चढत नाय. मी एवढी वर्षं मासे विकले, बोट माझ्या पैशानं उभी राहिली, पण धक्क्याच्या पुढे माझं पाऊल कधी पडलं नाय. तुझ्या आईचं नाय, आजीचं नाय. मी रामाकडे बघत होते. तो परत म्हणाला, आणि या वेळी माझ्याकडे तोंड करून, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं:

"पोरीला माझ्या बोटीवरून नेऊ. दुरुस्त झाली की पहिली फेरी तीच."

रितेश म्हणाला, माझ्या बोटीवरून का नको? दोघांची जुंपली. ती मी मिटवलेली नाय, तू आलीस की मिटव.

तर ये. कधी येतेस ते तारीख टाकून लिही, म्हणजे सुताराच्या मागे लागते. पायात काही घालू नको, बोटीवर अनवाणी चढायचं. चढताना आधी फळीला हात लावून पाया पड. पुढच्या बाजूला तांडेलाशेजारी तुझी जागा आहे. तिथंच बस, आणि बोट कुठं उभी करायची ते त्यांना हातानं दाखव.

हौसाआत्या